जाणारा रंग, राहणारा रंग

श्रावण मध्यावर आला की पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर एक निराळीच वाहतूक दिसू लागते. पेणहून निघालेले टेंपो ताडपत्रीच्या आडोशाला गजाननाच्या मूर्ती घेऊन, भर पावसातून, खड्डे चुकवीत सावकाश मुंबईच्या वाटेला लागतात. ताडपत्रीची कड वाऱ्याने क्षणभर उचलली जाते, आतून एखादी सोंड, एखादा वरदहस्त दिसतो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात आपसूक कपाळाकडे जातो. पेण शहर आणि त्याच्या शेजारची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे या एका कलेवर नांदत आली आहेत. त्यांचे सख्खे शेजारी म्हणून आम्हा पनवेलकरांना श्रींच्या आगमनाची चाहूल पंचांगाच्या आधी या रस्त्यावर लागते.

ही चाहूल लागली की घरोघरी मखराचा विचार सुरू होतो. माळ्यावरची खोकी खाली येतात. गतवर्षीच्या आराशीतली चित्रे, म्हणजे दिंडीतले वारकरी, बैलगाडी, डोईवर घागर घेतलेली बाई, होडीतला कोळी, एकेक करून कागदातून बाहेर निघतात. पूर्वी ही चित्रे मातीची वा लाकडाची असत. हल्ली बहुतेक घरांत ती प्लास्टिकची असतात. आणि दरवर्षीचा एक उद्गारही त्यांच्याबरोबर बाहेर पडतो : "अरे, रंग पार गेला की याचा!"

आजचा हा लेख त्या रंगाविषयी आहे. एकाच चौरंगाच्या परिसरात आपण दोन जातींच्या आकृती मांडतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. एक स्वतः श्रीगजानन. ते दीड, पाच, सात वा दहा दिवसांचे पाहुणे. त्यांची मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची, आणि ती मातीत परत जाण्यासाठीच घडविलेली. दुसरी जात त्यांच्या सभोवतीच्या चित्रांची. ती आपल्या घरची माणसे. ती वर्षानुवर्षे राहावयाची. तेव्हा एकीचा रंग जाणारा हवा आणि दुसरीचा राहणारा हवा. तत्त्व इतके सोपे आहे. परंतु ते उमगावयास आमच्या घरी एक संपूर्ण उत्सव खर्ची पडला, तो असा.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही घरी पंढरीच्या वारीचा देखावा करावयाचे ठरविले. बाजारातून अठरा वारकरी आणले. जेमतेम दोन दोन इंच उंचीचे, मऊ प्लास्टिकचे, सगळे एकाच तपकिरी रंगात ओतलेले. श्रींची मूर्तीही त्या वर्षी शाडूची आणि बिनरंगाची आणली होती. मुलांच्या हातून सेवा घडावी हा हेतू. हेतू उत्तम होता, साधन मात्र चुकले. दाराखिडक्यांना लावून उरलेला तेलरंग घरात होता. त्याच डब्यातून वारकऱ्यांची धोतरे पांढरी झाली, पताका भगव्या झाल्या आणि श्रींचा मुकुट व पीतांबरही त्याच रंगाने चकाकू लागला.

वारकऱ्यांचा रंग वाळेचना. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, बोट लावावे तर बोटाला चिकटे. उत्सव संपेतो त्या धवल धोतरांवर उदबत्तीची राख, कापसाचे तंतू आणि चार मुंग्या एवढा ऐवज जमा झाला होता. तेवढ्यावर हसून भागले असते. पण पाचव्या दिवशी आम्ही मूर्ती घेऊन वडाळे तलावावर गेलो. आरती झाली, श्रींना निरोप दिला. शाडूची मूर्ती पाण्यात विरू लागली, पण मुकुटाचा तेलरंग विरला नाही. आतली माती निघून गेली आणि सोनेरी रंगाची कात तेवढी पाण्यावर तरंगत राहिली. भोवती तेलाचा इंद्रधनुषी पापुद्रा पसरला. धाकट्या मुलाने विचारले, "बाप्पा गेले, मग हे काय राहिले?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मातीने मातीत मिळावे यासाठीच तर विसर्जनाचा विधी. त्या वाटेत आम्हीच आमच्या हौसेची एक कातडी आडवी घातली होती.

पुढे जाणत्या कारागिरांना विचारून, स्वतः प्रयोग करून, चुकतमाकत जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मूर्तीचा रंग : जो जाण्यासाठी लावावयाचा

प्रथम हे सांगणे अवश्य आहे की शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांची प्रकृतीच भिन्न आहे. शाडू ही चिकणमाती. पाण्यात पडली की तिचे कण सुटे होतात. प्लास्टर म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. पाणी घातले की ती पुन्हा जिप्समचा दगड होते. हा दगड एक लिटर पाण्यात अवघा दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १२ मे २०२० रोजी त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्या सूचनांत रंगांचाही विचार आहे : मूर्तीला विषारी रासायनिक रंग आणि तेलरंग नकोत, पाण्यात मिसळणारे निरुपद्रवी रंग हवेत. पुढे २०२५ च्या जुलै महिन्यात प्लास्टरच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. मातीचा आग्रह आता पुष्कळांना पटला आहे. तथापि माती शाडूची आणि वरचा रंग तेलाचा असेल, तर अर्धेच काम झाले.

मग रंग कोणता? आपल्या देवघरात आणि स्वयंपाकघरातच तो आहे. गेरू, पिवळी काव, हळद, काजळ, आणि पांढऱ्यासाठी शंखजिऱ्याची पूड. यांना धरून ठेवण्यासाठी बाभळीचा डिंक पुरतो. डिंक रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा आणि खलून बारीक केलेल्या रंगात थोडा थोडा मिसळावा. प्रमाण ओळखण्याची खूण सोपी आहे. वाळलेल्या रंगावर बोट फिरवावे. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी. रंगाला भेगा पडून तो चकाकू लागला तर डिंक जास्त. डिंक पाण्यात विरघळणारा असल्याने हा रंग विसर्जनाच्या वेळी मातीआधीच मूर्तीची रजा घेतो.

दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्यात. पहिली हळदीची. चुन्याच्या अस्तरावर हळद लावली तर पीतांबर लाल होईल. हळदीचे कुंकू होते ते याच न्यायाने. म्हणून हळदीखाली शाडूचेच पातळ पाणी अस्तर म्हणून द्यावे. हळद उन्हाने फिकीही पडते. तेव्हा रंगविलेली मूर्ती खिडकीच्या झोतात ठेवू नये.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. जुने ते सारे निर्धोक, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः जुन्या चित्रकारांच्या पेटीतला हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा आणि पारंपरिक शेंदूर शिशाचा. देवाला शेंदूर वाहणे हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्याविषयी आम्हाला काही म्हणावयाचे नाही. परंतु मुलांच्या हाती रंग म्हणून या वस्तू कदापि देऊ नयेत. घरगुती तेलरंगांतील शिशावरही आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. त्यापूर्वीचे माळ्यावर पडलेले डबे उत्सवाच्या कामी आणू नयेत, हे सांगावयास नकोच.

चित्रांचा रंग : जो राहण्यासाठी लावावयाचा

आता वारकऱ्यांकडे वळू. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तेव्हापासून पुष्कळ घरांत जुनी चित्रे पुन्हा माळ्यावरून उतरू लागली. प्लास्टिक नाश पावत नाही, हा त्याचा दोष सर्वश्रुत आहे. परंतु जे नाश पावत नाही ते जपून ठेवावे, फेकू नये, हा त्यातून निघणारा धर्म आहे. दरवर्षी नवी चित्रे आणण्यापेक्षा घरची नीट रंगवून घेणे हे खिशाला आणि सृष्टीला दोहोंना हितकर.

आमचे वारकरी चिकट का राहिले? मऊ प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावे म्हणून एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू वर येते, तेलरंगात शिरते आणि त्याला वाळू देत नाही. कडक प्लास्टिकच्या चित्रांची अडचण उलटी असते : तीव्र थिनरने ते प्लास्टिकच विरघळते आणि चेहऱ्याचे नाक बुजते. म्हणून दोहोंसाठी पाण्यात कालविण्याचा ॲक्रिलिक रंग उत्तम. तो वाळला की पाण्याने निघत नाही. कारण ॲक्रिलिक हे स्वतःच एक प्रकारचे प्लास्टिक आहे. म्हणूनच तो चित्रांना योग्य आणि विसर्जित होणाऱ्या मूर्तीला अयोग्य, हेही येथेच ध्यानी घ्यावे.

तिसरी एक जात आहे, मेणासारखी गुळगुळीत. तिच्यावर कोणताच रंग नीट टिकत नाही. ती ओळखण्यासाठी चित्राचा भरीव तुकडा पाण्यात टाकून पाहावा. भरीव असून तरंगला तर ती ही जात. तिच्या वाटेला न जाता कापडाचे धोतर नि कागदाची पताका चिकटवून तिला सजवावे. बुडाला तर रंगकामास हरकत नाही.

आता क्रम. पहिले काम स्नानाचे. साच्यातून सुटून यावे म्हणून कारखान्यात लावलेला तेलाचा अंश चित्रावर राहिलेला असतो. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश यांनी चित्र घासून धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. साच्याच्या सांध्याची रेघ दिसत असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावी. त्यानंतर चित्राला हात लावू नये. बोटांचे तेलही रंगाला उखडते. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर मेणाचा गोळा ठेवून त्यावर चित्र उभे करावे आणि झाकण धरून काम करावे.

दुसरे काम अस्तराचे. प्लास्टिकला चालणारा पांढरा वा करडा अस्तररंग पातळ लावावा आणि एक रात्र वाळू द्यावा. अस्तरावाचून दिलेला रंग नखाने निघतो.

तिसरे काम मुख्य रंगाचे. येथे एकच मंत्र : पातळ रंग, दोन हात. रंग दुधाइतका पातळ करावा. पहिल्या हातात खालचे अस्तर दिसेल, घाबरू नये. तो वाळल्यावर दुसरा हात द्यावा. एकाच जाड हाताने धोतराच्या चुण्या, टाळांच्या कडा, चेहऱ्यावरचे हसू, सारेच बुजून जाते. रंगविण्याचा क्रम माणसाच्या वस्त्रे नेसण्यासारखा ठेवावा. आधी अंग, मग धोतर, मग अंगरखा, मग उपरणे, शेवटी पागोटे आणि माळ. म्हणजे आतल्या रंगाचा चुकून पडलेला फराटा वरच्या रंगाखाली झाकला जातो. अंगासाठी बाजारातला गुलाबी रंग वापरू नये. तपकिरीत थोडा पिवळा आणि किंचित पांढरा मिसळला की उन्हात चालून आलेल्या वारकऱ्याचा वर्ण साधतो. आणि प्रत्येकासाठी हे मिश्रण थोडे बदलावे, म्हणजे दिंडी एका साच्यातली वाटत नाही.

चौथे काम सावलीचे आणि उजेडाचे. तपकिरी रंगात पुष्कळ पाणी घालून ते चित्रावरून एकवार फिरवावे. ते आपोआप चुण्यांत आणि खोबणीत उतरते आणि तेथे सावली पडते. ते वाळल्यावर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून कुंचला त्यात बुडवावा आणि जुन्या फडक्यावर इतका पुसावा की त्यात रंग उरला आहे की नाही अशी शंका यावी. असा कोरडा कुंचला चुण्यांच्या कडांवरून, खांद्यांवरून, पागोट्याच्या पिळांवरून हलकेच फिरवला की ते भाग उजळतात. दोन इंचांच्या चित्रावर खिडकीतला उजेड स्वतःहून पुरेशी सावली पाडू शकत नाही. ती आपण रंगाने पाडून द्यावी लागते, एवढेच या युक्तीतले रहस्य.

डोळ्यांचे काम

पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग आता बहुधा फवाऱ्याने देतात. पण डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते आणि ती अनुभवी हाताकडे सोपवितात. मूर्तीचे सारे काम झाल्यावर अखेरीस डोळे उघडतात. आपल्या घरीही प्राणप्रतिष्ठेनंतर तुपात भिजविलेल्या दूर्वेने श्रींच्या नेत्रांना स्पर्श केला जातो. दृष्टी शेवटी येते, हा क्रम कारखान्यात आणि पूजेत एकच आहे, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

लहान चित्रांतही तोच क्रम पाळावा. डोळ्यांसाठी अतिबारीक कुंचला हवा असे नाही. टोक नीट जुळणारा एक नंबरचा गोल कुंचला पुरतो. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविण्याची सवय मात्र सोडावी. रंग पोटात जातो. प्रथम डोळ्याच्या जागी पांढऱ्याचा लहान तांदूळ काढावा. वरच्या पापणीची रेघ तपकिरी द्यावी, काळी नव्हे. मग टाचणीचे डोके काळ्या रंगात टेकवून बुबुळाचा ठिपका द्यावा. हा ठिपका वरच्या पापणीला चिकटलेला असावा. भोवती सगळीकडे पांढरे दिसले तर वारकरी भ्याल्यासारखा दिसतो. जो डोळा काढणे हाताला अवघड, तो आधी काढावा आणि सोपा डोळा त्याला जुळवून घ्यावा. चुकले तर ओल्या काडीने लगेच टिपून घ्यावे. हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून मेजावर स्थिर करावीत.

पावसाची गाठ

आपल्या भागात या कामाचा खरा वैरी पाऊस. श्रावणात हवा इतकी ओलसर असते की तासात वाळणारा रंग अर्धा दिवस घेतो. त्याहून फसवा प्रकार वार्निशचा. रंग टिकावा म्हणून शेवटी चकाकी नसलेले वार्निश दोन पातळ हातांत द्यावयाचे असते. पण मुसळधार दिवशी फवारा मारला तर ओलाव्याने त्यावर दुधी सावट येते आणि आठवड्याची मेहनत धुक्यात जाते. म्हणून हे काम आषाढातच हाती घ्यावे आणि वार्निशसाठी उघडिपीचा दिवस पाहावा. आयत्या वेळी, हरतालिकेच्या रात्री, घाईने काही करू नये. त्या रात्री घरात मोदकांच्या सारणाचा वास असावा, वार्निशचा नव्हे.

आणखी एक. ॲक्रिलिक रंगाचे कुंचले ज्या पाण्यात धुतले ते पाणी मोरीत ओतू नये. भांड्यात ते स्थिर ठेवले की रंगाचा गाळ खाली बसतो; वरचे पाणी जुन्या कापडातून गाळावे आणि गाळ वाळवून केरात टाकावा. मूर्तीच्या रंगात आपण जे तलावाला दिले नाही, ते चित्रांच्या पाण्यातून नकळत देऊ नये.

त्या प्रश्नाचे उत्तर

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा दोन्ही कामे केली. चिकट वारकऱ्यांचा तेलरंग खरवडून, त्यांना साबणाने धुऊन, नव्याने अस्तर दिले. अठरापैकी दोघांचे चेहरे खरवडण्यात गेले; त्यांना आम्ही पाठमोरे उभे केले, आणि पंढरीकडे तोंड केलेले ते दोघेच देखाव्यात सर्वांच्या नजरेत भरले. श्रींचा पीतांबर हळदीचा केला, शेला गेरूचा, डोळे काजळाचे. झगमगाट नव्हता, शेजारच्या एक वयोवृद्ध काकू मात्र बराच वेळ मूर्तीकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या लहानपणी असाच असायचा."

पाचव्या दिवशी उत्तरपूजा करून मूर्ती अंगणातल्या मोठ्या घंगाळात विसर्जित केली. प्रथम पाणी पिवळसर झाले, मग तांबूस झाले, मग मातीच्या रंगाचे झाले. दुसऱ्या दिवशी तळाशी मऊ गाळ तेवढा राहिला होता. धाकट्या मुलाने हात घालून सारे घंगाळ चाचपून पाहिले. या वेळी त्याच्या हाती कात लागली नाही. "सगळे गेले," तो म्हणाला. ती माती आम्ही तुळशीच्या वृंदावनात घातली.

वारकरी त्या संध्याकाळी कागदात गुंडाळून पुन्हा खोक्यात गेले. ते अद्याप आहेत. दर आषाढात एखाद्याची पताका उजळावी लागते, एखाद्याच्या टाळाला पिवळ्याचा ठिपका द्यावा लागतो. पण दिंडी अभंग आहे. ज्यांनी जावयाचे त्यांना निर्लेप जाऊ द्यावे आणि जे राहावयाचे ते जिव्हाळ्याने जपावे, एवढेच या रंगकामाने आम्हाला शिकविले. यंदा आपल्या घरीही मुले कुंचला हाती घेतील तेव्हा डबा उघडण्यापूर्वी त्यांना एकच प्रश्न विचारू द्यावा : हा रंग जाणाऱ्यासाठी आहे, की राहणाऱ्यासाठी?

मंगलमूर्ती सर्व वाचकांचे कल्याण करोत.